सुतकातली नक्कल

माझी बायको ललिता गेली हे मला शेजारच्या नत्थूने सांगितलं. मी शेतात धानाच्या पुंजण्यावर चढून वरचे भारे नीट लावत होतो. नत्थू बांधावरून पळत आला, शिडीला धडकला, शिडी आडवी पडली, आणि तो खाली उभा राहून माझ्याकडे बघत राहिला.

"तेजरामभाऊ, खाली या."

"काय झालं ते सांग ना बे."

"पह्यले खाली या."

"शिडी लाव मंग. उडी मारू का?"

त्याने शिडी लावली आणि घट्ट धरली. एवढी घट्ट की तीच हलायला लागली. माझा पाय शेवटच्या पायरीवर आला तेव्हा तो म्हणाला, "वैनी नाई राह्यल्या, भाऊ." सकाळी त्याची बायको रीना आणि ललिता दोघी साकोलीला बाजाराला गेल्या होत्या. बसस्टँडवर ललिताच्या छातीत कळ आली. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरने हात लावायच्या आधीच सगळं संपलं होतं.

मी त्या शेवटच्या पायरीवर उभाच राहिलो. थोड्या वेळाने नत्थू रडत रडत म्हणाला, "भाऊ, आता त उतरा."

"उतरून काय करू?" मी म्हणालो.

हे त्याने नंतर सगळ्या गावाला सांगितलं. लोकांना हसू आलं. खरं सांगतो, मलाही आलं.

नत्थूच्या गाडीवर बसल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो खुशबूचा. आता त्या पोरीचं काय?

खुशबू माझी सून. मुलगा धर्मेंद्र बुटीबोरीला कंपनीत आहे, त्याच्या शिफ्टा असतात. पोटुशी बाई भाड्याच्या खोलीत एकटी नको म्हणून ललिता तिला गावी घेऊन आली. तिचं माहेर बपेऱ्याचं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण ललिताने नाही म्हटलं. विहिणीला सांगितलं की साकोलीचा दवाखाना आम्हाला जवळ पडतो. खरं कारण वेगळं होतं. खुशबूची आई बिड्या वळते. खुशबू लहानपणापासून तिच्याजवळ बसून वळायची आणि वळता वळता ओढायलाही लागली. सोयरीक जमताना असलं कोणी सांगत नसतं.

ललिताला कळलं ते वासाने. गोठ्यामागे गोवऱ्यांचा ढीग आहे, तिथून धूर निघत होता. ती गेली तर सूनबाई ढिगाला पाठ लावून बिडी ओढत बसलेली. ललिता तोंड उघडणार तेवढ्यात कुंपणापलीकडून रीनाचा आवाज आला, "धूर कायचा येऊन राह्यला वो?" आणि ती वळसा घालून इकडे यायला निघाली. ललिताने खुशबूच्या हातातली बिडी ओढून घेतली आणि आपल्या तोंडात घातली. रीना आली तेव्हा ललिता खोकून खोकून लाल झाली होती. डोळ्यांतून पाणी, नाकातून धूर.

"वैनी! तुमी?"

"काय करू वो रीना," ललिता कशीबशी म्हणाली, "बिडीबिगर पोटच साफ होत नाई."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं की तेजरामची बायको म्हातारपणी बिडी फुकायला लागली. जन्मात तिने त्या एका झुरक्याशिवाय बिडी ओढली नव्हती. माझी मात्र रोजची होती. त्याच दिवशी तिने तीही बंद करवली.

मग ती खुशबूला घेऊन साकोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेली. सोनोग्राफीत बाळ महिन्याच्या मानाने लहान निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की बिडीचा धूर आईच्या रक्तातून बाळापर्यंत जातो, त्याला जेवढा प्राणवायू पाहिजे तेवढा मिळत नाही. बाळ वाढत नाही, दिवस भरायच्या आधी येतं, कधी कधी पोटातच जातं. आणि दुसऱ्याने घरात ओढलेल्या बिडीचा धूरही पोचतो. खुशबूने विचारलं, दिवसाकाठी एकच ओढली तर? बाई म्हणाल्या, एकही नाही. पण आज सोडली तर आजपासून फायदा आहे, अजून उशीर झालेला नाही. आणि तलफ येते ती चहाला उकळी येईपर्यंत टिकते. तेवढा वेळ कसाही काढा.

तो वेळ ललिताने कसा काढला ते ऐका. ती नकला करायची. खुशबूला तलफ आली की ललिता तिला गोठ्यात न्यायची आणि तिथे गावातला एकेक माणूस करून दाखवायची. माझे चुलतभाऊ भोजराजभाऊ खुर्चीवरून कसे उठतात. नत्थू गाडीला किका मारता मारता गाडीशी कसा बोलतो. मी डोळ्यांवरचा चष्मा घरभर कसा शोधतो. खुशबू पोट धरून हसायची, म्हणायची, "आई, पुरे, लेकरू बाहेर येईन." तोवर तलफ निघून गेलेली असायची.

मला हे ललिताने सांगितलं होतं, आणि बजावलं होतं, "तिले मालूम नाई पडलं पाह्यजे का तुमाले मालूम हाय. सासऱ्याले तोंड दाखवणं मुश्कील होईन पोरीले."

सूनबाई माझ्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नाही. माझं तिला, तिचं मला, सगळं ललितामार्फत चालायचं. आता मधली बाईच गेली.

ललिताला पोचवून आलो. आमच्याकडे मयतीच्या घरी लोक बसायला येतात तेव्हा ओसरीत एक ताट ठेवतात. त्यात बिड्या, माचीस, सुपारी. घरचा माणूस ताट पुढे करतो, येणारा एक उचलतो, पेटवतो आणि मग बोलायला सुरुवात करतो. ताट पुढे केलं नाही तर पाहुणा समजतो की आपण आलेलं ह्यांना आवडलं नाही. भोजराजभाऊ आमच्यात सगळ्यांत मोठे, रीतीभातीचे जाणकार. त्यांनी मला विचारायच्या आधीच ताट भरून ठेवलं होतं. ओसरीत पंधरावीस माणसं बसली आणि बघता बघता धूर असा दाटला की भिंतीवरचं घड्याळ दिसेना. ओसरीला लागूनच आतली खोली, आणि तिथे खुशबू.

मी ताट उचललं.

"अरे, कुठी नेऊन राह्यला?" भोजराजभाऊ म्हणाले.

"बाहेर."

"काहून?"

"बिडी बाहेर प्या. चिंचेखाली."

"मयत घरात झाली अन् आमी चिंचेखाली बसू? चिंच मेली काय?"

"घरात पोटुशी हाय, भाऊ. धूर लागते."

"आमच्या वक्ताले सगळ्याईच्या घरात चुली होत्या, धूर होता. आमी नाई जलमलो?"

पण माझं तोंड बघून ते उठले. ललिता करून दाखवायची तसेच उठले. आधी एक हात गुडघ्यावर, मग दुसरा हात शेजारच्याच्या गुडघ्यावर, मग "हे बजरंगा". मला हसू फुटलं ते मी उपरण्यात दाबलं. लोकांना वाटलं हुंदका. चार जणांनी पाठीवर हात ठेवला.

सगळे चिंचेखाली गेले. मग वारा फिरला आणि धूर थेट आतल्या खोलीच्या खिडकीत जायला लागला. मी म्हणालो, तिकडून उठा, गोठ्याकडे चला. खुर्च्या, सतरंज्या, ताट घेऊन सगळे गोठ्याकडे. संध्याकाळी वारा पुन्हा फिरला. तेव्हा सगळे मागच्या बाजूला तलावाच्या बांधावर, पाळीवर. दुसऱ्या दिवशी तर भोजराजभाऊ स्वतःच दुपट्टा वर धरून वारा बघायला लागले. वारा पलटला की ते ओरडायचे, "उठा रे, पुरवा सुटला!" आणि अख्खं दुःख खुर्च्या डोक्यावर घेऊन घराला फेरी मारायचं. कारध्याहून ललिताची मावसबहीण आणि तिचा नवरा बसायला आले, तर ओसरी रिकामी. ते बिचारे घराभोवती एका दिशेने शोधत फिरले, आणि आमची माणसं त्याच दिशेने पुढे सरकत होती. शेवटी पाहुण्याने नत्थूला विचारलं, "काय जी, मयत याच घरी झाली ना?"

धुराचं असं निभलं. पण तलफेचं काय? घरात चारी बाजूंनी बिड्या. खुशबूला सासू गेल्याचं दुःख, झोप नाही, जेवण नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती आणि नजर चिंचेखाली विसरलेल्या ताटावर.  चूल पेटलेली होती, घरातली बाई कोणी जवळ नव्हती.

मी तिच्याशी बोलू शकत नव्हतो. म्हणून गोठ्यात गेलो. स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गोठ्यासमोर आहे. आमची म्हैस भुरी रवंथ करत बसली होती. मी मोठ्याने म्हणालो, "का व भुरी, मन लागत नाई? बरं, तुले भोजराजभाऊ दाखवतो."

आणि मी उठून दाखवलं. एक हात गुडघ्यावर, एक हात भुरीच्या पाठीवर, "हे बजरंगा". ललितासारखं काही जमलं नाही. भुरीही उठली, तिला वाटलं चरायला न्यायचं आहे. खिडकीत हालचाल नाही. मग मी नत्थू केला. गव्हाणीवर पाय ठेवून किका मारल्या आणि गाडीला विनवलं, "चाल माय, आजच्या दिवस चाल, उद्या तुले नवीन प्लग टाकतो, तुया पायावर डोकं ठेवतो." गव्हाणीवरून पाय घसरला आणि मी शेणात बसलो.

खिडकीतून आवाज आला. हसू दाबताना नाकातून निघतो तसा. मग सरळ हसूच आलं. मी वर बघितलं नाही. भुरीला म्हणालो, "तलफ गेली का व? गेली असन त एक भाकर खाऊन घे." थोड्या वेळाने आत ताट-वाटीचा आवाज झाला.

तिला तेव्हा कळलं की मला माहीत आहे.  दुसऱ्या दिवशी तलफ आली तेव्हा खिडकीत येऊन बांगड्या वाजवल्या, आणि मी पाळीवरून उठून गोठ्यात गेलो. असं रोज दोनतीनदा. माणसं सुतकात गंभीर बसलेली, आणि बांगड्या वाजल्या की मी मधूनच उठायचो, "भुरीले पाहून येतो" म्हणायचो.

ते कधीतरी कळणारच होतं. एक दिवस मी भोजराजभाऊ करत होतो आणि पाठीमागे भोजराजभाऊ उभे. ते हळूच पाळीवर गेले आणि सगळ्यांना सांगितलं, "तेजरामच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हशीले नकला दाखवून राह्यला. अन् माह्यीच नक्कल करून राह्यला, तेही चुकीची."

सुतकासाठी सुट्टी घेऊन आलेला धर्मेंद्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, नागपूरला चांगला डॉक्टर आहे."

"मले काई नाई झालं."

"म्हशीशी बोलता तुम्ही."

"मंग कोनाशी बोलू? तुयी बायको बोलते का माह्याशी?"

त्याला ह्यातलं काही माहीत नव्हतं, आणि सांगायचं काम माझं नव्हतं.

त्यातच विहीण आली. पार्वताबाई, खुशबूची आई. ती येताना सूप, तेंदूची पानं आणि तंबाखूची पिशवी घेऊन आली. आल्या आल्या ललिताच्या नावाने मोठा गळा काढला, "अशी कशी गेली वो माय, माह्यी ईहीन लाखाची होती!" आणि तसंच रडता रडता मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायला बसली. तिला रिकाम्या हाताने रडता येत नाही. आतल्या खोलीत तंबाखूची भुकटी उडायला लागली.

मी दाराबाहेर उभा राहून म्हणालो, "ईहीनबाई, ते पिशवी बाहेर ठेवा."

"काहून जी? तुमच्या घरात सोनं सांडते काय माह्या तंबाखूनं?"

"पोरीले बाधते."

"पोरगी यातच मोठी झाली." मग तिने आवाज खाली आणला, "अन् आयका इवाई, तिचं तोंड पाहा जरा. लेकीचे डोहाळे आईले समजते. तिले एक झुरका पाह्यजे. डोहाळे पुरवले नाई त लेकरू जलमभर लाळ गाळते. तुमच्या वंशाचं हाय, तुमीच पुसा मंग लाळ."

"हे डोहाळे नाई, तलफ हाय," मीही हळूच म्हणालो.

"तुमी कधी पोटुशी होते काय जी, तुमाले फरक समजाले?" तिने मोठ्याने विचारलं.

ओसरीतल्या बाया हसल्या.  पार्वताबाईला जोर चढला. "म्या तर ही पोटात होती तवा रोज वढली. काय झालं हिले? एवढीशी झालती, याच सुपात मावे. कापसात गुंडाळून ठेवली, दूध वढाले दम नोयता, बोंडल्यानं थेंब थेंब पाजलं. सगळे म्हणत जगत नाई, जगत नाई. जगली का नाई?"

हे ती मोठेपणा म्हणून सांगत होती. खुशबूने तिच्या मांडीवरच्या सुपाकडे पाहिलं, मग आपल्या पोटाकडे पाहिलं. मी तिथून निघून गोठ्यात गेलो आणि मोठ्याने म्हणालो, "आयकलं का व भुरी? सुपात मावे म्हणते." त्या दिवशी नक्कल केली नाही. थोड्या वेळाने खुशबू आतल्या खोलीतून उठून आईपासून लांब, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी येऊन बसली.

पण खरी फजिती तेरवीला झाली. जेवणाआधी गेलेल्या माणसाचं एक पान वेगळं वाढतात, त्यात तिच्या आवडीचं सगळं. अंगणात मांडव होता, सगळं गाव बसलं होतं. बायांनी पळसाच्या पत्रावळीवर वडे वाढले, कढी वाढली, बोरांची चटणी वाढली. मग भोजराजभाऊ पुढे झाले. खिशातून नवा बिडीकट्टा काढला, माचीस काढली आणि पानाशेजारी नीट ठेवली.

"ललिताले आवडे," ते म्हणाले. "लपवाचं काय आता? जिच्यापाई गेली ते बी तिच्यासोबत जाऊ दे."

रीना डोळे पुसत म्हणाली, "म्या पाह्यलं होतं ना, कशी खोकून राह्यली होती. त्याच बिडीनं खाल्लं वैनीले."

बाया "हो ना वो" म्हणाल्या. कोणीतरी म्हणालं, बाईच्या जातीने बिडी ओढू नये. धर्मेंद्र मान खाली घालून बसला होता. मी उठायला लागलो. पण काय बोलणार? ललिताचं नाव राखायचं तर पोरीचं जाणार. ललिताने जे आपल्या अंगावर घेतलं होतं, ते मी मांडवात उचलून सुनेच्या अंगावर टाकू? मी पुन्हा बसलो.

बांगड्या वाजल्या. मला वाटलं तलफ आली. वळून पाहतो तर खुशबू स्वयंपाकघराच्या दारातून अंगणात येत होती. डोक्यावर पदर होता, पण चेहरा उघडा. सगळ्या माणसांमधून ती सरळ पानापाशी आली.

"मोठे मामाजी," ती भोजराजभाऊंना म्हणाली, "ते उचला. आई बिडी नाई वढत होत्या. मी वढत होती."

 वाढणाऱ्या बाईच्या हातातून कढी सांडत राहिली.

"रीनामावशी आल्या तवा माह्या हातात होती. आईनं वढून घेतली अन् आपल्या तोंडात घातली. म्हणून खोकल्या. पह्यल्यांदाच वढली होती त्याईनं." तिने पोटावर हात ठेवला. "डॉक्टरीणबाईनं सांगतलं का लेकराची वाढ होत नाई, मरू बी शकते. तवापासून नाई वढली. रोज वाटते. आई नकला करत, मंग जाय. आता मामाजी करते. ते पागल नाई झाले."

धर्मेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "आई बिडी ओढताना दिसली तरी कशी?"

हे विचारायचं काय होतं कोण जाणे. पण रीना उठली. रडतच होती. तिने दोन बोटांत हवा धरली, तोंडाला लावली, गाल फुगवले, डोळे गोल केले आणि खोकायला लागली. नाक चिमटीत धरलं, हात झटकले, पदराने धूर हाकलला आणि हुबेहूब ललिताच्या आवाजात म्हणाली, "काय करू वो रीना, बिडीबिगर पोटच साफ होत नाई."

पहिल्यांदा खुशबू हसली. मग नत्थू. मग मी. मग सगळा मांडव. भोजराजभाऊ एवढे हसले की उठायला गेले आणि "हे बजरंगा" म्हणाले, त्यावर लोक आणखी हसले, तेव्हा त्यांना कळलं की गोठ्यातली नक्कल काही चुकीची नव्हती. तेरवीच्या पंगतीत माणसं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. माझ्या डोळ्यांतलं कोणतं पाणी कशाचं ते मला कळत नव्हतं.

भोजराजभाऊंनी कट्टा उचलून खिशात घातला आणि स्वतःच म्हणाले, "धूर पाळीवरच."

फक्त पार्वताबाई हसत नव्हती. ती खुशबूजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मरू बी शकते म्हणाली? खरंच असं सांगतलं डॉक्टरनं?"

"खरंच, आई."

"मले कोनी सांगतलं नोयतं वो," ती म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

आता खुशबूला नववा लागला आहे. परवा सोनोग्राफी झाली. बाळ अजून थोडं लहानच आहे, पण वाढतं आहे, डॉक्टरीणबाई खूश होत्या. खुशबू माझ्याशी आता सरळ बोलते. तलफ आली की म्हणते, "मामाजी, चला," आणि गावातलं जे कोणी रिकामं असेल ते येऊन एखादी नक्कल करून जातं. नत्थू माझी करतो, पुंजण्यावरची. मला ती पाहवत नाही, पण हसू येतं.

बाळंतपणाला पार्वताबाई येऊन राहिली आहे. सूप आणि पिशवी बपेऱ्याला ठेवून आली. पण तिची स्वतःची बिडी सुटलेली नाही. रोज गोवऱ्यांच्या ढिगामागे जाऊन ओढते आणि मग त्याच लुगड्याने खुशबूजवळ येऊन बसते. बाळाला अंघोळ तीच घालणार आहे. मी दोनदा बोललो, भुरीमार्फत एकदा बोललो. बाळ यायच्या आधी तिची बिडी सोडवायची आहे. ते अजून झालेलं नाही.